मुलाला दंतवैद्याकडे नेताना

श्रोतेहो, आपल्या भाषेत ‘दुधाचे दात’ हा शब्द मोठा गोड आहे. पण त्याच्या गोडव्यानेच आपली थोडी फसगत केली आहे. दूध जसे नासले तर टाकून द्यावे, तसे हे दात किडले तर पडू द्यावेत, पुढे पक्के दात येणारच आहेत, असा समज घरोघरी रूढ आहे. बाळाचा पहिला दात दिसला म्हणजे आपण आनंदतो. तो वरच्या हिरडीत आधी दिसला तर मामाला जड जाईल म्हणून चिंता करतो. तो पडला म्हणजे उंदीरमामाच्या बिळाशी नेऊन टाकतो किंवा कौलांवर भिरकावतो. येण्याचा सोहळा होतो, जाण्याचाही होतो. मधल्या सात-आठ वर्षांत त्या दातांचे काय होते, इकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

आज मी जे बोलणार आहे ते या मधल्या वर्षांविषयी, आणि विशेषतः मुलाला दंतवैद्याकडे नेण्याच्या प्रसंगाविषयी. उदाहरणासाठी मी बंगळूरच्या पूर्वेचे होसकोटे हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. होसकोटे म्हणजे नवा कोट. कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे जुने ठाणे सतराव्या शतकात बंगळूर आणि कोलार यांच्याबरोबर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज त्याच्या आसपास कारखाने उभे आहेत आणि बंगळूर शहर वाढत वाढत त्याच्या वेशीला येऊन टेकले आहे. नोकरीच्या निमित्ताने सांगली-सोलापूरकडून, नागपूर-नाशिककडून आलेली मराठी कुटुंबे या भागात बिऱ्हाड करून राहतात. अशा घरात आजी जवळ नसते, ओळखीचा डॉक्टर नसतो, भोवतालची भाषा कानडी असते. आणि एके रात्री चार वर्षांचे मूल गाल धरून रडू लागते. त्या आई-वडिलांनी काय करावे आणि काय अपेक्षावे, हा आजचा विषय. मात्र मी जे सांगणार आहे ते इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा चंद्रपूर येथील आई-वडिलांनाही तितकेच लागू आहे.

प्रथम दुधाचे दात पडणारच असतील तर त्यांची एवढी काळजी का घ्यावी, हे पाहू. हे दात एकंदर वीस. पहिला साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास उगवतो आणि अडीच-तीन वर्षांत विसांचा संच पुरा होतो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरे. परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडेलच’ म्हणून सोडून दिली, तर मुलाने ते दुखणे सात-आठ वर्षे सोसावे असे आपण ठरवल्यासारखे होते. शिवाय या दाढा पुढील पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. गाडीत उतारू उठला की शेजारचा सरकून बसतो, तसे एक दाढ अकाली काढली की तिच्या मागची पुढे सरकते, आणि खालून येणारा पक्का दात वाट न मिळाल्याने वाकडा उगवतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताच दात पडलेला नसतो. म्हणून आईला वाटते, हीही दुधाचीच. वस्तुतः ही पहिली पक्की दाढ होय. ती जन्मभर पुरवायची असते, तिच्यामागे दुसरी यायची नसते. शेजारच्या किडक्या दाढांच्या संगतीत ती वाढली, तर तिलाही तीच बाधा होण्याचा धोका वाढतो.

दुधाच्या दातावरचे कठीण कवच पक्क्या दाताच्या कवचाच्या मानाने साधारण निम्मेच जाड असते. त्यामुळे कीड लवकर आत उतरते. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल बनवतात. ते आम्ल दाताचे कवच झिजवते. एकदा गोड खाल्ले की पुढे अर्धा तासभर हा व्यापार चालतो. म्हणून मुलाने जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर त्याचा अपाय थोडा. पण दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बिस्किट, गोळी, गोड पेय असे चालले तर दातांना सावरायला उसंत मिळत नाही. रात्री तोंडातील लाळ कमी होते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर पांढरे, मग तपकिरी डाग पडतात, ते यामुळे. मधात बुडवलेली चोखणीही तेच करते. मिश्रीची तर गोष्टच सोडा. ती तंबाखू आहे, आणि बाळाच्या हिरड्यांना ती चोळणे हे औषध नसून विष आहे.

आता दवाखान्यात केव्हा जावे? आजच्या बालदंतवैद्यकाचे उत्तर ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. पहिला दात आल्यावर, आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाने दंतवैद्याचे तोंड एकदा पाहिलेले असावे. एवढ्याशा बाळाच्या तोंडात पाहायचे तरी काय, असे कुणी विचारील. खरे पाहता ही भेट बाळापेक्षा आई-वडिलांसाठी असते. दूध केव्हा तोडावे, दात कसे पुसावे, पेस्ट किती घ्यावी, हे सारे कीड लागण्यापूर्वी कळावे एवढाच तिचा हेतू. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. दुखत नसताना ज्याने ती खुर्ची पाहिली, त्याला तिची धास्ती वाटत नाही. ज्याची पहिली ओळख ठणक्याच्या रात्रीनंतर, सुजलेल्या गालाने होते, त्याच्या मनात दवाखाना आणि वेदना यांची गाठ पक्की बसते. पन्नाशीतही दंतवैद्याचे नाव काढताच घाम फुटणारी माणसे आपण पाहतो. त्यांतील पुष्कळांचे भय लहानपणाच्या अशाच एखाद्या दिवशी जन्मलेले असते.

जाण्यापूर्वीची तयारी घरी होते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचीन,’ हा धाक आपल्याकडे सर्रास घातला जातो. ज्याच्या नावाने आज धाक घातला, त्याच्याच स्वाधीन उद्या मुलाला करायचे असते, हे आपण विसरतो. याच्या उलट ‘काही म्हणजे काही दुखणार नाही’ असे वचनही देऊ नये. कारण ते पाळणे आपल्या हाती नसते, आणि ‘दुखणार’ हा शब्द मुलाच्या मनात आपणच पेरतो. ‘डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, आरशात तुलाही दाखवणार आहेत,’ एवढे सांगितले तरी पुरे. स्वतःच्या दातदुखीच्या कथा मुलापुढे सांगू नयेत. वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. झोपेला आलेले किंवा भुकेलेले मूल शूर नसते. नेहमीची औषधे, पूर्वीची दुखणी, कशाची बाधा होते, हृदयाचा काही विकार आहे काय, हे कागदावर लिहून न्यावे.

होसकोट्यासारख्या ठिकाणी भाषेचाही प्रश्न येतो. वडीलधारी माणसे हिंदी-इंग्रजीवर निभावून नेतात. पण घरात केवळ मराठी ऐकलेल्या चार वर्षांच्या मुलाला डॉक्टर कानडीत काय म्हणतात ते कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीचे भय दुप्पट असते. यासाठी आदल्या दिवशी खेळाखेळात तीन शब्द शिकवावेत: ‘हल्लु’ म्हणजे दात, ‘बायि’ म्हणजे तोंड, ‘नोवु’ म्हणजे दुखणे. डॉक्टरांनाही आपले ‘आ कर’ आणि ‘झालं हं’ हे दोन बोल शिकवावेत. मुलांवर उपचार करणाऱ्या माणसाला हे आवडते, आणि त्या दोन बोलांनी मुलाच्या दृष्टीने तो परका माणूस अर्धा घरचा होतो.

आता दवाखान्यात पाऊल टाकू. पहिल्या भेटीत बहुधा फारसे काही ‘केले’ जात नाही, आणि यामुळे पैसे वाया गेले असे मानू नये. डॉक्टर आधी प्रश्न विचारतात: मूल दिवसातून किती वेळा गोड खाते, रात्री दूध पिते काय, दात कोण घासते. या प्रश्नांना लाजेपायी खोटी उत्तरे देऊ नयेत. डॉक्टर दोष देण्यासाठी विचारीत नाहीत. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर त्याला खुर्चीवर निजवण्याऐवजी डॉक्टर आणि आई गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोके डॉक्टरांच्या मांडीवर, आणि नजर आईच्या चेहऱ्यावर. बाळ रडेल, पण रडताना तोंड आपोआप उघडते, आणि मिनिटाभरात तपासणी उरकते.

थोड्या मोठ्या मुलासाठी एक सोपी रीत जगभर वापरली जाते. ॲडेल्स्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९५९ साली ती शब्दबद्ध केली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पाण्याचा फवारा प्रथम मुलाच्या तळहातावर उडवतात; दात घासण्याचे फिरते ब्रश त्याच्या नखावर लावून दाखवतात; आणि मगच ते तोंडात जाते. हे चालू असताना आई-वडिलांनी मध्ये बोलू नये. मुलाला एका वेळी एकच आवाज ऐकता येतो; डॉक्टर एक सांगतात, वडील दुसरे, आई तिसरे, अशाने ते गोंधळते. जवळ बसावे, पायावर हात ठेवावा, आणि गप्प राहावे. काही डॉक्टर मोठ्या मुलांच्या पालकांना बाहेर थांबायला सांगतात. त्याचे कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मुलाचे हात धरून ठेवण्याची वेळ आली, तर ते का, किती वेळ आणि अन्य मार्ग आहे काय, हे आधी समजून घेतल्यावाचून संमती देऊ नये.

आवश्यक वाटल्यास क्ष-किरण चित्र घेतात. दोन दाढांमधील कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते लागते. एका लहान चित्रातील किरणांची मात्रा अगदी अल्प असते. मग दात स्वच्छ करून त्यांवर फ्लोराइडचा लेप लावतात. नव्या पक्क्या दाढांवरील खोल खाचा पातळ लेपाने बुजवून टाकतात. हे न दुखणारे काम आहे, आणि त्याने पुढचे मोठे काम टळते.

कीड लागलेलीच असेल, तर तिच्या खोलीप्रमाणे उपाय ठरतो. वरवरची असेल तर खड्डा साफ करून भरतात. दाताच्या गाभ्यापर्यंत गेली असेल तर गाभ्याचा बिघडलेला भाग काढून त्यात औषध भरतात आणि दाढेवर पोलादी टोपी बसवतात. पडणाऱ्या दाढेला टोपी कशाला, असा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर मघाशी दिले आहे. अगदी लहान मुलात कीड थोपवण्यासाठी चांदीयुक्त द्रावण लावतात. त्याने सुई आणि यंत्र दोन्ही टळतात, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधी सांगितले गेले नाही तर आई घाबरते. दाढ काढावीच लागली, तर रिकामी जागा राखण्यासाठी तारेची छोटी कमान बसवावी काय, हे आवर्जून विचारावे. फारच लहान किंवा फारच भ्यालेल्या मुलाच्या पुष्कळ दाढा बिघडल्या असतील, तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत काम करतात. मात्र ते भूलतज्ज्ञ आणि सर्व साधने असलेल्या रुग्णालयातच व्हावे.

जागेपुरती भूल देण्याचे इंजेक्शन दिले, तर घरी आल्यावर एक काळजी घ्यावी लागते. दोन-तीन तास ओठ आणि गाल बधिर असतात. मुलाला ती गंमत वाटते आणि ते ओठ चावत राहते; संध्याकाळी ओठ सुजून फुटलेला दिसतो. म्हणून बधिरपणा जाईपर्यंत त्याला चावून खाण्याचे काही देऊ नये आणि त्याच्यावर नजर ठेवावी.

श्रोतेहो, होसकोट्याच्या बाबतीत पाण्याचाही विचार करावा लागतो. शेजारच्या कोलार जिल्ह्यात आणि त्या पट्ट्यातील पुष्कळ गावांत खोल कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरते, आणि कूपनलिका जितक्या खोल जातात तितका हा त्रास वाढण्याचा संभव असतो. हे पाणी लहानपणी, म्हणजे पक्क्या दातांचे कवच हिरडीच्या आत घडत असताना, वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात उगवतात तेच खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे घेऊन. आई-वडील मुलाला रागावतात की तू दात घासत नाहीस. आणि ते बिचारे हिरड्या सोलवटेपर्यंत घासत राहते. हे डाग मळाचे नाहीत, ते घासून जाणार नाहीत, आणि त्यात मुलाचा काही अपराध नाही. सौम्य डाग दंतवैद्याला पुष्कळसे झाकता येतात.

या डागांचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली मॅके नावाचा तरुण दंतवैद्य गेला, तेव्हा तेथील लोकांचे डागाळलेले दात पाहून चकित झाला. पाण्यातील फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ साली उमगले. भारतात या विकाराची नोंद १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती: या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागत होती. अल्प प्रमाणातील फ्लोराइड दाताला बळकटी देते आणि अधिक झाले की विद्रूप करते, हे ज्ञान तेथून आले. आपल्याकडील मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. एका विहिरीचे पाणी चांगले आणि शेजारच्या कूपनलिकेचे वाईट, असेही घडते. म्हणून अशा भागात बिऱ्हाड केले तर पाणी तपासून घ्यावे आणि तो आकडा दंतवैद्याला सांगावा. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हाच प्रश्न आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दात घासण्याची पेस्ट मुलाने गिळू नये, हेही यासाठीच. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, ती पेस्ट विकणाऱ्याच्या सोयीची असते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश द्यावा जरूर, पण रात्री शेवटचा हात आईने किंवा वडिलांनी फिरवावा.

काही प्रसंगी ठरलेल्या वेळेची वाट पाहू नये. गालावर सूज आणि अंगात ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असल्यास रुग्णालयात जावे. दुखऱ्या दाढेवर लवंगेचे तेल ओतल्याने कोवळी हिरडी भाजते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे तर अधिकच वाईट, आणि ते औषध मुलांना मुळातच देऊ नये. खेळताना पक्का दात समूळ निखळला तर तो वरच्या, पांढऱ्या बाजूने धरावा. मुळाला हात लावू नये, घासू नये. शक्य असल्यास लगेच खाचेत बसवावा, नाही तर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये, कारण खालच्या पक्क्या दाताला इजा पोचते.

खर्चाचा विचार केल्यावाचून हे बोलणे पुरे होणार नाही. लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ दंतवैद्यकाच्या पदवीनंतर या शाखेचे आणखी शिक्षण घेतलेले असतात. त्यांची फी अर्थातच अधिक असते. साध्या कामासाठी नोंदणी झालेला कोणताही चांगला दंतवैद्य चालतो. नोंदणी राज्याच्या दंतपरिषदेकडे असते आणि तिचा क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. बंगळुरात १९५८ साली निघालेले सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि अशा संस्थांत मोठे कामही कमी खर्चात होते. वेळ मात्र अधिक लागतो. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या यादीत दातांचे विकारही आहेत. शाळेतून ‘दात दाखवा’ अशी चिठ्ठी आली, तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नये. आणि कोठेही गेलात, तरी काम सुरू होण्यापूर्वी कोणत्या दाढेचे काय करायचे, किती बैठका, किती खर्च, आणि न केल्यास काय होईल, हे चार प्रश्न जरूर विचारावेत. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

काम झाल्यावर मूल रडले म्हणून त्याला बोल लावू नये आणि रडले नाही म्हणून चॉकलेटही देऊ नये! ‘तू तोंड छान उघडलेस’ असे नेमके कौतुक करावे. पुढची तारीख तेथेच ठरवून घ्यावी. साधारणपणे सहा महिन्यांनी, कीड अधिक असल्यास त्याआधी.

दात बरे करणे हे डॉक्टरांचे काम आहे. पण मुलाने त्या दारातून आत जाताना आपला हात घट्ट धरावा की सोडून पुढे पळत जावे, हे बरेचसे आपल्या हाती असते. सहा महिन्यांनी तेच मूल खुर्चीवर स्वतः चढून बसले आणि डॉक्टरांनी सांगण्यापूर्वीच त्याने ‘आ’ केला, तर पहिल्या भेटीचे सार्थक झाले असे खुशाल समजावे.